पोपटाला रात्रीची शांत झोप कशी मिळवून द्याल? नव्याने पोपट पाळणाऱ्यांसाठी

पोपट हाताला कडकडून चावतो, सकाळ-संध्याकाळ किंचाळत सुटतो, स्वतःचीच पिसं उपटतो, अशी तक्रार घेऊन कुणी आलं की मी खाण्यापिण्याच्या आधी झोपेची चौकशी करते. रात्री तो कुठे असतो? किती वाजता झोपतो? बहुतेक घरांतून उत्तर एकच येतं, "हॉलमध्ये असतो, आम्ही झोपलो की तोही झोपतो." रात्री बाराला दिवे मालवले आणि सकाळी सहाला घर जागं झालं, तर पक्ष्याच्या वाट्याला जेमतेम सहा तास येतात. त्याला हवे असतात १० ते १२.

हा आकडा त्याच्या मूळ घरातून आलेला आहे. बहुतेक पोपट उष्ण प्रदेशांतले. तिथे वर्षभर रात्र साधारण १२ तासांची असते. दिवेलागणीच्या सुमारास थवे ठरलेल्या झाडांवर उतरतात, थोडा वेळ प्रचंड कलकलाट करतात आणि उजाडेपर्यंत तिथून हलत नाहीत. न्यूझीलंडचा काकापो किंवा ऑस्ट्रेलियातला नाइट पॅरट हे रात्री जागणारे अपवाद, पण आपल्या घरात येणारे पोपट दिवसाचेच पक्षी आहेत. बजी असो, लव्हबर्ड असो की भलामोठा मॅकाव, गरज जवळपास सारखीच. पक्षी लहान म्हणून त्याला झोपही थोडीच पुरते, असं समजू नका.

चावण्या-ओरडण्याचं प्रत्येक कारण झोपेतच सापडेल असा माझा दावा नाही. पण झोप सुधारायला औषध लागत नाही, खर्च फारसा नाही आणि त्यातून पक्ष्याला अपाय होत नाही. म्हणून दुसरं काहीही करून बघण्याआधी हे करा.

काय काय हाताशी हवं

- घट्ट विणीचं, गडद रंगाचं सुती कापड. कडा शिवलेल्या हव्यात, दोरे लोंबलेले नकोत.
- खोलीच्या खिडकीला जाड पडदा.
- मंद, पिवळसर प्रकाशाचा रात्रदिवा.
- वेगवेगळ्या जाडीच्या, साल असलेल्या लाकडाच्या दांड्या. लाकूड पक्ष्यांना चालणारं आणि फवारणी न केलेलं असावं.
- जागा असेल तर झोपण्यापुरता एक छोटा वेगळा पिंजरा.
- दिवा आपोआप चालू-बंद करणारा टायमर. नसला तरी चालेल, पण सोय मोठी होते.
- निर्जंतुक गॉज, थोडं कॉर्नफ्लोअर आणि एक मऊ टॉवेल. रात्री कधी जखम झालीच तर.
- पक्ष्यांवर उपचार करणाऱ्या डॉक्टरांचा नंबर. रात्री कुणाला फोन करायचा हेही आधीच विचारून ठेवा. कुत्र्या-मांजरांचे सगळेच डॉक्टर पक्षी तपासत नाहीत आणि हे रात्री दोन वाजता कळून उपयोग नसतो.
- एक वही.

## १. आधी काही दिवस नुसतं बघा

लगेच काही बदलू नका. पक्षी किती वाजता सुस्तावतो, घरातला शेवटचा दिवा किती वाजता मालवतो, रात्री फडफड ऐकू येते का, सकाळी पहिला आवाज कधी येतो, एवढं वहीत लिहा. चार-पाच दिवसांत चित्र स्पष्ट होतं.

नीट झोपणारा पक्षी कसा दिसतो हे आधी ओळखायला शिका. माझ्याकडच्या कॉकटीलचं, म्हणजे डोक्यावर तुरा असलेल्या छोट्या पोपटाचं सांगते. अंधारू लागलं की ती सगळ्यात वरच्या दांडीवर जाते, चोच दांडीला दोन्ही बाजूंनी पुसते, तुरा मागे झुकतो आणि गालांवरची पिसं फुगून चोच अर्धी झाकली जाते. मग चोचीचा वरचा आणि खालचा भाग एकमेकांवर घासल्याचा बारीक करकर आवाज येतो. नव्या लोकांना वाटतं की पक्ष्याला काही त्रास होतोय. तसं नसतं, ती झोपेच्या आधीची निवांत अवस्था असते. त्यानंतर एक पाय पोटाच्या पिसांत जातो, मान मागे वळते आणि चोच पाठीच्या पिसांत खुपसली जाते. एका पायावर उभं राहून झोपणं हे तब्येत बरी असल्याचं लक्षण आहे. झोपेतही बोटांची पकड टिकून राहते, त्यामुळे तो सहसा पडत नाही.

झोप अपुरी असल्याच्या खुणा अशा: दिवसभर पेंगणं, सकाळी लवकर जाग येऊनही मलूल असणं, नेहमीच्या माणसालाही चावणं, संध्याकाळी विनाकारण किंचाळणं, खेळण्यांत रस न उरणं. दुपारी अर्धा-एक तास डुलकी काढणं मात्र अगदी नैसर्गिक आहे, त्याची काळजी नको.

आणि एक खूण झोपेची मुळीच नाही. दिवसाढवळ्या पिसं फुगवून, दोन्ही पायांवर, डोळे मिटून बसलेला किंवा पिंजऱ्याच्या तळाशी उतरलेला पक्षी आजारी असण्याची शक्यता फार मोठी. श्वासाबरोबर शेपटी वर-खाली होत असेल तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा. पोपट दुखणं लपवतात. ते आपल्याला दिसेपर्यंत बहुधा बरंच वाढलेलं असतं.

## २. वेळ ठरवा आणि ती पाळा

सूर्याच्या जितकं जवळ जाता येईल तितकं चांगलं. संध्याकाळी सात-साडेसातला झोपवून सकाळी सहा-साडेसहाला उठवणं बहुतेक पोपटांना मानवतं. घरातली माणसंच उशिरा येत असतील तर रात्री नऊ ते सकाळी आठ ठेवा, पण मग सकाळी आठपर्यंत त्या खोलीत खरोखर अंधार आणि शांतता हवी. आज सात, उद्या अकरा, परवा दहा असं झालं तर तास भरूनही उपयोग नाही.

सध्या पक्षी रात्री बाराला झोपत असेल तर एकदम सातवर आणू नका. दर दोन-तीन दिवसांनी पंधरा-वीस मिनिटं अलीकडे या. घाई केली तर पक्षी झाकणाखाली जागाच बसून राहतो, ओरडतो, आणि मग "आमच्या पोपटाला लवकर झोपायला आवडतच नाही" असा निष्कर्ष निघतो.

सुट्टीच्या दिवसाची सूट पक्ष्याला देऊ नका. पाहुणे आले तरी त्याची वेळ झाली की त्याला आत नेऊन ठेवा.

## ३. झोपेची जागा

या पायरीवर सगळ्यात जास्त वेळ घालवा, कारण बाकीच्या पायऱ्यांचा पाया हाच आहे.

हॉलमध्ये टीव्ही चालू, माणसांचं येणं-जाणं चालू, आणि पिंजऱ्यावर कापड टाकलं की पोपट झोपला, असं नव्याने पक्षी आणणाऱ्या जवळजवळ प्रत्येकाला वाटतं. आत तो जागा असतो. निसर्गात पोपट हा शिकार होणारा प्राणी आहे. दिसत नसलेल्या दिशेने येणारा प्रत्येक आवाज त्याला तपासावासा वाटतो. पक्ष्यांना मेंदूचा अर्धा भाग झोपवून अर्धा जागा ठेवता येतो आणि त्या वेळी एक डोळा उघडा असतो. १९९९ साली रानबदकांवर झालेल्या एका अभ्यासात दिसलं की रांगेच्या टोकाला झोपलेली बदकं मधल्यांपेक्षा जास्त वेळ अशी अर्धवट झोप घेतात, आणि उघडा डोळा रांगेच्या बाहेरच्या बाजूचा असतो. जागा सुरक्षित वाटली नाही की पक्षी झोपेतही पहारा सोडत नाही, हे यावरून ध्यानात घ्या.

म्हणून शक्य असेल तर झोपेसाठी वेगळी खोली द्या. दिवसाचा मोठा पिंजरा रोज हलवणं जमत नाही, तेव्हा छोटा पिंजरा उपयोगी पडतो. त्यात एक दांडी, पाणी आणि थोडं खाणं एवढं पुरे. पंख पूर्ण पसरता आले पाहिजेत, शेपटी जाळीला घासता कामा नये. बहुतेक पोपट काही आठवड्यांत या पिंजऱ्याला सरावतात. काही तर वेळ झाली की आपणहून त्याच्या दिशेने बघायला लागतात.

वेगळी खोली नसेल तर घरातला असा कोपरा शोधा जिथे पिंजऱ्याची निदान एक बाजू, शक्यतो दोन, भिंतीला लागून राहतील. चारही बाजूंनी उघड्यावर ठेवलेला पिंजरा पक्ष्याला अस्वस्थ करतो. उंची साधारण आपल्या छातीइतकी असावी. जमिनीवर ठेवलेल्या पिंजऱ्यात पोपट निर्धास्त झोपत नाही.

या जागा टाळा:

स्वयंपाकघर, काहीही झालं तरी. नॉनस्टिक भांडं जास्त तापलं की त्याच्या लेपातून निघणाऱ्या वाफा पक्ष्याला काही मिनिटांत मारू शकतात. आपल्याला वासही येत नाही. पक्ष्यांची श्वसनसंस्था आपल्यापेक्षा कितीतरी कार्यक्षम असते, हवेच्या पिशव्यांमुळे श्वास आत घेताना आणि सोडताना, दोन्ही वेळा फुप्फुसांतून ताजी हवा वाहते. त्यामुळे विषारी वायूही तितक्याच झपाट्याने रक्तात जातो.

रस्त्याकडची खिडकी. गाड्यांच्या दिव्यांचे झोत भिंतीवरून सरकतात आणि पक्षी दचकतो. मांजर किंवा घुबड खिडकीशी आलं तर विचारायलाच नको.

एसीच्या किंवा पंख्याच्या थेट झोतासमोरची जागा. हवा खेळती हवी, अंगावर मारा नको.

आणि तुमचा पलंग. पोपटाला कुशीत घेऊन झोपू नका. आपण झोपेत कूस बदलतो आणि पक्षी दबून गुदमरतो. छातीची हाडं वर-खाली हलली तरच त्याला श्वास घेता येतो, त्यामुळे हलकासा दाबही जिवावर बेततो.

## ४. पिंजऱ्याच्या आत

झोपेची दांडी पिंजऱ्यातली सगळ्यात उंच दांडी असू द्या. पोपट झोपायला उंचावरच जातो. जाडी अशी हवी की बोटं दांडीला वेढा घालतील पण पुढची-मागची नखं एकमेकांना भिडणार नाहीत. एकसारख्या गुळगुळीत प्लास्टिकच्या किंवा सँडपेपर लावलेल्या दांड्यांनी तळव्यांना फोड येतात. दहा-बारा तास एका जागी बसायचं आहे, तेव्हा इथे काटकसर नको.

या दांडीभोवती मोकळी जागा ठेवा. घंटा, आरसा, साखळ्या, दोऱ्यांची खेळणी रात्री तिथे नकोत. अंधारात पक्षी उडाला तर पंख किंवा पाय त्यातच अडकतो.

पिंजऱ्यात टांगायचे मऊ कापडी तंबू मिळतात. दिसतात गोड, आणि नव्या लोकांना ते विकत घ्यायचा मोह होतोच. माझं मत स्पष्ट आहे: घेऊ नका. पोपट कापड कुरतडतो, त्याचे धागे पोटात जाऊन गळ्याखालच्या अन्नपिशवीत किंवा आतड्यात गोळा होतात. सुटलेल्या धाग्यात बोट किंवा मान अडकते. शिवाय बंद, उबदार, अंधारी पोकळी म्हणजे पोपटाच्या लेखी घरटं. त्यामुळे विणीच्या काळातले संप्रेरक (हार्मोन्स) जागे होतात आणि पक्षी त्या तंबूच्या राखणीसाठी चावायला लागतो. काही जाती सोडल्या तर पोपट घरट्याबाहेर, फांदीवरच झोपतात. अंडी-पिल्लं नसताना त्यांना खोप्याची गरज नसते.

## ५. अंधार कसा करायचा

पक्ष्याला उजेड फक्त डोळ्यांनी कळत नाही. त्याच्या मेंदूत खोलवर आणि तिथल्या पिनिअल नावाच्या छोट्या ग्रंथीतही प्रकाशाला प्रतिसाद देणाऱ्या पेशी असतात, आणि कवटी पातळ असल्यामुळे थोडा प्रकाश थेट तिथवर पोचतो. दिवस किती मोठा, रात्र किती लांब, ऋतू कुठला, याचा हिशेब शरीर त्यावरून लावतं. खोलीत दिवा लखलखतोय आणि पक्षी डोळे मिटून बसलाय, याला रात्र म्हणता येत नाही.

खोली वेगळी असेल तर जाड पडद्याने ती अंधारी करा, पिंजरा झाकायची वेगळी गरज उरत नाही. तसं नसेल तर कापड वापरा. वरून आणि तीन बाजूंनी झाका, भिंतीकडची बाजू किंवा खालचा भाग हवेसाठी मोकळा ठेवा. प्लास्टिक, रेक्झिन, जाड रजई असलं काही टाकू नका. विणलेली शाल किंवा जाळीदार कापडही नको, नखं अडकतात. कापड आठवड्यातून एकदा धुवा, पण उग्र वासाची पावडर टाळा.

झाकण टाकल्यावर काही पक्षी घाबरतात. अशा पक्ष्याला जबरदस्ती करू नका. आधी नुसती मागची बाजू झाका, काही दिवसांनी वरचा भाग, मग एकेक बाजू. तरीही तो बिथरत असेल तर झाकण सोडून द्या आणि खोलीच अंधारी करण्याकडे लक्ष द्या.

## ६. संध्याकाळचा क्रम

निसर्गात अंधार एका बटणासरशी होत नाही. झोपेच्या आधीचा अर्धा-पाऊण तास हळूहळू ओसरत जाऊ द्या.

मोठे दिवे बंद करून एखादाच पिवळा दिवा ठेवा. टीव्हीचा आवाज उतरवा. याच वेळी थोडं नेहमीचं खाणं द्या, कारण लहान पक्षी रात्रभर अन्नपिशवीत साठवलेल्यावर काढतात. नवीन फळ किंवा नवं खेळणं देण्याची ही वेळ नव्हे. उरलेली ओली फळं-भाज्या काढून घ्या, नाहीतर रात्रीतून आंबतात आणि मुंग्या येतात. पाणी मात्र राहू द्या.

मग रोज तेच दोन शब्द, त्याच आवाजात. "चला झोपा आता" म्हणा किंवा तुमच्या घरात जे रुळेल ते. पक्ष्याला पिंजऱ्यात सोडा, दांडीवर स्थिर होऊ द्या, शेवटी झाकण. पोपट या ठरावीक क्रमाला फार लवकर धरतात, आणि पुढे काय होणार हे कळलं की त्यांची धास्ती कमी होते.

सूर्यास्ताच्या सुमारास दहा-पंधरा मिनिटं गोंगाट होणारच. थवा गोळा करण्याची ती हाक आहे. त्यावर ओरडू नका, चिडून लगेच झाकण टाकू नका. झाकण ही शिक्षा झाली तर झोपेची जागाच नकोशी होते.

## ७. रात्रीचा दचका

मध्यरात्री पिंजऱ्यातून अचानक भयानक फडफड ऐकू येते. पक्षी अंधारात जाळीवर आदळत असतो. याला पक्षी पाळणारे नाइट फ्राइट म्हणतात. कोणताही पोपट असा दचकू शकतो, पण कॉकटील यासाठी विशेष ओळखली जाते. ऑस्ट्रेलियाच्या आतल्या, मोकळ्या कोरड्या मुलखातला हा पक्षी. धोका जाणवला की आधी उडायचं, विचार नंतर, हा त्याचा बचाव. पिंजऱ्यात हाच बचाव अंगाशी येतो.

अशा वेळी काय करायचं ते आजच घरातल्या सगळ्यांना सांगून ठेवा:

१. धावत जाऊ नका, मोठा दिवा खाडकन लावू नका. दारातूनच हळू आवाजात नेहमीचे शब्द बोलत राहा. आवाज ओळखला की निम्मी भीती ओसरते.

२. मंद दिवा लावा आणि झाकणाचं एक टोक उचला. बाहेर काय आहे हे पक्ष्याला दिसू द्या.

३. फडफड चालू असताना आत हात घालू नका. हात हा त्याला आणखी एक शत्रू वाटतो. काही अडकलं असेल किंवा रक्त वाहत असेल तरच टॉवेलमध्ये अलगद धरा. छाती दाबली जाणार नाही याकडे लक्ष द्या.

४. पक्षी दांडीवर आला की पंखांच्या आतल्या बाजूला, शेपटीच्या मुळाशी, पायांवर रक्त आहे का बघा. पिंजऱ्याच्या तळाचा कागदही बघा.

५. रक्त बहुधा नव्या वाढणाऱ्या पिसातून येतं. अशा पिसाच्या दांड्यात रक्तवाहिनी असते आणि त्याचं मूळ काळपट-निळसर दिसतं. ते तुटलं तर गॉजने काही मिनिटं हलका, सलग दाब द्या. नख किंवा पिसाचं टोक असेल तर कॉर्नफ्लोअर चेपल्याने रक्त थांबायला मदत होते. कातडीवरच्या उघड्या जखमेत ते भरू नका. पीस स्वतः उपटू नका. दाब देऊनही रक्त वाहत राहिलं तर सकाळची वाट पाहू नका. लहान पक्ष्याच्या अंगात मुळातच रक्त फार थोडं असतं.

६. तो पुन्हा पाठीत चोच खुपसून बसेपर्यंत मंद दिवा राहू द्या. लगेच झाकून निघून गेलात तर दुसरा दचका बसतो.

सकाळी कारण शोधा. उंदीर, पाल, दिव्याभोवती फिरणारा पतंग, गाडीचा झोत, वरच्या मजल्यावर ओढलेलं फर्निचर, वाऱ्याने हललेली पडद्याची सावली. कारण सापडत नसेल तर पिंजऱ्याकडे रात्रभर रोखून ठेवता येईल असा अंधारात चित्र टिपणारा कॅमेरा लावा. फक्त त्याचे लुकलुकणारे छोटे दिवे पक्ष्याच्या डोळ्यांसमोर येऊ देऊ नका.

वारंवार दचकणाऱ्या पक्ष्याला पूर्ण अंधार सोसत नाही. त्याच्यासाठी रात्रदिवा रोजचाच करा. दांडी आणि जाळी एवढीच जेमतेम दिसावी इतका मंद, पिवळसर, न लुकलुकणारा. पिंजऱ्यापासून लांब, जमिनीलगत लावा आणि झाकणाची एक बाजू त्या दिशेने उघडी ठेवा. निळसर-पांढरा उजेड नको, तो शरीराला दिवस असल्याचं सांगतो.

आणखी एक कारण सहज निसटतं. लाल माइट नावाचे अगदी बारीक जीव दिवसा पिंजऱ्याच्या फटींत दडतात आणि रात्री बाहेर येऊन पक्ष्याचं रक्त पितात. पक्षी रात्री सतत खाजवत असेल, दिवसा ठीक असेल, तर काही रात्री पांढरं कापड झाकून बघा. सकाळी कापडाच्या आतल्या बाजूला लाल-काळे हलणारे ठिपके दिसले तर डॉक्टरांना दाखवा. घरातली कीटकनाशकं पिंजऱ्यावर फवारू नका.

## ८. धूर, डास, थंडी

मच्छर कॉइल, अगरबत्ती, धूप, सुगंधी मेणबत्त्या, रूम फ्रेशनर, बंद खोलीतली शेगडी, यांतलं काहीही पक्षी झोपतो त्या खोलीत नको. डासांमुळे पक्ष्यांना देवीसारखा आजार होऊ शकतो, म्हणून डास येऊच न देणं महत्त्वाचं. पिंजऱ्याच्या बाहेरून मच्छरदाणी लावा, जाळीपासून थोडी दूर ताणून, म्हणजे पक्ष्याला ती चावता येणार नाही.

निरोगी, प्रौढ पोपटाला थोडा गारवा सोसतो. आजारी किंवा पिसं झडलेल्या पक्ष्याला ऊब लागते. ती उजेड न देणाऱ्या साधनाने द्या, पिंजऱ्याच्या एकाच बाजूला, म्हणजे गरम वाटलं तर त्याला सरकता येईल. उष्णतेच्या काही दिव्यांवरही नॉनस्टिकसारखा लेप असतो, घेण्याआधी तपासा.

## ९. सकाळ

ठरलेल्या वेळी आधी पडदा, मग थोड्या वेळाने झाकण. जाग आल्यावर तो आवाज देणारच. आवाज ऐकून धावत जाऊन झाकण काढलंत की ओरडलं म्हणजे दार उघडतं हा धडा तो एका आठवड्यात शिकतो. क्षणभर गप्प झाला की जा. उठल्यावर पहिल्यांदा मोठी विष्ठा पडते, विशेषतः मादीची, त्यात घाबरण्यासारखं काही नाही.

## १०. नवा पक्षी आणि पहिल्या रात्री

घरी आणल्या दिवशी कितीही कौतुक वाटलं तरी संध्याकाळी लवकर त्याला शांत जागा द्या. पहिल्या काही रात्री झाकण अर्धवट आणि रात्रदिवा चालू, असं ठेवा. पिल्लांना मोठ्यांपेक्षाही जास्त झोप लागते, दिवसाही. नव्या पक्ष्याला जुन्या पक्ष्याच्या पिंजऱ्यात झोपवू नका. वैद्यकीय तपासणी होईपर्यंत खोलीसुद्धा वेगळी असावी.

## ११. किती दिवसांत फरक दिसेल, आणि कधी डॉक्टरांकडे जायचं

वेळ, जागा आणि अंधार तिन्ही जमले तर दोन-तीन आठवड्यांत स्वभाव निवळू लागतो. वहीतल्या पहिल्या पानांशी ताडून बघा. पेंगणं कमी झालं का, संध्याकाळचा आरडाओरडा आटोक्यात आला का, हातावर यायला लागला का.

मादी सारखी अंडी घालत असेल तर झोपेचा मुद्दा आणखी गंभीर होतो. लांबलेला दिवस शरीराला विणीचा हंगाम असल्याचं सांगतो. अंड्यांसाठी हाडांतलं कॅल्शियम खर्च होतं आणि अंडं अडकण्याचा धोका वाढतो. अशा वेळी अंधाराचे तास १२ च्याही पुढे न्यायला सांगतात, पण ते किती आणि किती दिवस हे डॉक्टरांनीच ठरवावं.

झोपेची घडी नीट बसल्यावरही पिसं उपटणं सुरू राहिलं, रात्री श्वासाचा आवाज येत असेल, शिंका येत असतील, पक्षी दांडीवरून पडत असेल, किंवा वजन उतरत असेल, तर तपासणी करून घ्या. जाताना वही बरोबर न्या आणि रात्रीच्या हालचालींचा एखादा व्हिडिओ मोबाइलमध्ये असू द्या. दवाखान्यात पक्षी सावध होऊन ताठ उभा राहतो आणि घरी दिसणारी लक्षणं तिथे दिसतीलच असं नाही.